मोजून बोलणारा माणूस : वि. म. दांडेकर

पडेगावच्या आपल्या होस्टेलवर शेतकऱ्यांची मुले काही कमी नाहीत. फी भरायची तारीख जवळ आली की घरी फोन लावून पीकविमा जमा झाला का, हे विचारणारे आपणच. पण हा विमा ज्या पद्धतीने ठरतो ती सुचवणारा माणूस कोण, हे माझ्या रूमवर एकालाही सांगता आले नाही. म्हणून हा लेख.

विनायक महादेव दांडेकर यांचा जन्म १९२० साली साताऱ्यात झाला. विषय सांख्यिकी आणि अर्थशास्त्र, कर्मभूमी पुण्याची गोखले संस्था. पुढे ते तिचे संचालकही झाले. १९७१ मध्ये नीलकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्चही ज्यांना झेपत नाही ते गरीब, असे माप त्यांनी लावले. १९६०-६१ मध्ये खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक त्या रेषेखाली निघाले. नुसता आकडा सांगून ते थांबले नाहीत. सरकारने कामे काढून रोजगार द्यावा, हेही त्यांनी सुचवले.

आता विमा. १९७२ पासून काही वर्षे एकेका शेतकऱ्याचे नुकसान पाहून भरपाई देण्याचा प्रयोग झाला. हप्ता जमला ४.५४ लाख रुपये आणि भरपाई गेली ३७.८८ लाख! गणित बसेना. प्रत्येक शेतात माणूस पाठवणार कसा, आणि जुन्या उत्पन्नाची नोंद आणायची कुठून? दांडेकरांनी वेगळा मार्ग सुचवला. एका भागातल्या निवडक शेतांत पीक कापून तोलायचे आणि सरासरी काढायची. ती ठरलेल्या उत्पन्नापेक्षा कमी भरली, तर त्या भागातल्या सर्व विमाधारकांना भरपाई. सिव्हिलवाल्यांना हे लगेच पटेल. आपण क्यूब टेस्ट करतो, अख्खा स्लॅब फोडत नाही! १९७९ मध्ये याच तत्त्वावर प्रायोगिक योजना आली आणि १९८५ मध्ये देशव्यापी योजना.

यात एक खोच आहेच. नाल्याकाठचे एखादे शेत वाहून जाते, पण मंडळाची सरासरी चांगली भरते. मग उत्पन्नावरच्या भरपाईत त्या शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही. आमच्या गावात हे मी पाहिले आहे. माझ्या मते तत्त्व चुकीचे नाही, पण मोजण्याचा घटक जेवढा मोठा, तेवढे एकट्याचे दुःख सरासरीत बुडते. घटक लहान करायचा तर कापणी प्रयोग वाढवावे लागतात, आणि त्याला माणसे व पैसा लागतो.

मराठवाड्याशी त्यांचा आणखी एक संबंध आहे. १९८३ मध्ये राज्य सरकारने प्रादेशिक असमतोल तपासायला त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तोवर अनुशेष हा भाषणाचा विषय होता. समितीने रस्ते, सिंचन, आरोग्य, अगदी तंत्रशिक्षणसुद्धा जिल्हावार मोजले. १९८४ च्या अहवालात राज्याचा अनुशेष ३,१८६.७७ कोटी रुपये निघाला, त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी. या आकड्यांवर पुढे खूप वाद झाले. पण वाद घालायला निदान आकडे तरी हाती आले!

१९९५ मध्ये दांडेकर गेले. उद्या आपल्यातले कुणी जलसंपदा खात्यात जातील, कुणी बांधकाम खात्यात. मोजमापाच्या वहीत आपण जे लिहू, त्यावर कुणाच्या तरी गावाचे पाणी आणि कुणाच्या तरी पोराची फी ठरणार आहे. तेव्हा दोस्तांनो, सर्व्हेचे प्रॅक्टिकल कॉपी मारून पूर्ण करू नका!