शब्दांची कुळे मांडणारा डॉक्टर

इंग्रजी लिहिताना तोच तो शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला की हात ‘थिसॉरस’कडे जातो. समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांचा हा कोश एखाद्या भाषापंडिताने रचला असावा, असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे कर्ते पीटर मार्क रोझे हे डॉक्टर आणि शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते.

रोझे यांचा जन्म १८ जानेवारी १७७९ रोजी लंडनमध्ये झाला. त्यांचे वडील जिनिव्हाहून आलेले धर्मोपदेशक होते. ते क्षयाने गेले तेव्हा रोझे अवघे चार वर्षांचे होते. मुलाच्या शिक्षणासाठी आईने एडिंबरोला बिऱ्हाड हलवले. चौदाव्या वर्षी तिथल्या विद्यापीठात दाखल झालेले रोझे १९ व्या वर्षी, १७९८ मध्ये एम.डी. झाले. पुढे ब्रिस्टलमध्ये हम्फ्री डेव्ही नायट्रस ऑक्साइड म्हणजे ‘हसवणाऱ्या वायू’वर प्रयोग करत होते, तेव्हा तो वायू स्वतः हुंगून पाहणाऱ्यांत रोझेही होते.

मँचेस्टरच्या सार्वजनिक रुग्णालयात नोकरी करताना, १८०५ मध्ये त्यांनी स्वतःच्या वापरासाठी सुमारे १५ हजार शब्दांची एक वही तयार केली. लिहिताना नेमका शब्द सापडावा, एवढाच तिचा हेतू होता. ही वही त्यांनी जवळपास अर्धशतक जवळ ठेवली.

मधल्या काळात त्यांनी विज्ञानात मोठे काम केले. घात आणि मुळे काढणे सोपे करणारी नव्या प्रकारची स्लाइड रूल त्यांनी १८१४ मध्ये तयार केली. उभ्या फटींतून पाहिल्यास फिरत्या चाकाचे आरे वाकडे का दिसतात, यावर १८२४ मध्ये निबंध लिहिला. पुढे दृष्टिभ्रमाच्या अभ्यासात त्याचा उल्लेख होत राहिला. रॉयल सोसायटीचे सचिवपद त्यांनी १८२७ पासून दोन दशकांहून अधिक काळ सांभाळले.

घरी मात्र दुःखामागून दुःख येत होते. वडिलांच्या जागी असलेले मामा, प्रसिद्ध कायदेसुधारक सॅम्युएल रोमिली यांनी १८१८ मध्ये पत्नीच्या निधनानंतर काही दिवसांतच आपले जीवन संपवले. त्या वेळी त्यांची काळजी घेणाऱ्यांत डॉक्टर म्हणून रोझे होते. १८३३ मध्ये रोझे यांची पत्नी मेरी कर्करोगाने गेली. मागे दोन लहान मुले होती. याद्या करण्याच्या, वर्ग पाडण्याच्या सवयीने रोझे यांना अशा काळात आधार दिला, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

वैद्यकीय व्यवसाय आणि सचिवपद दोन्ही सुटल्यावर त्यांनी जुनी वही पुन्हा उघडली. १८५२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी ‘थिसॉरस’ प्रसिद्ध झाला. या शब्दाचा मूळ अर्थ खजिना. त्यातली मांडणी वर्णानुक्रमाने नव्हती. जीवशास्त्रज्ञ जसे प्राणी आणि वनस्पती वर्गांत, कुळांत लावतात, तसे रोझे यांनी शब्द अर्थानुसार लावले. अमूर्त संबंध, अवकाश, द्रव्य, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना असे सहा वर्ग केले आणि त्यांखाली एक हजार शीर्षके दिली. पहिले शीर्षक ‘अस्तित्व’, तर दुसरे ‘अस्तित्वाचा अभाव’. विरुद्ध कल्पना अशा शेजारी ठेवल्याने एका शब्दाची सीमा दुसऱ्यामुळे स्पष्ट होते. वर्णानुक्रमे सूची शेवटी होती.

अर्थानुसार शब्द लावण्याची ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. अमरसिंहाचा ‘अमरकोश’ याच वाटेने जातो. १८०८ मध्ये श्रीरामपूर येथे छापलेल्या कोलब्रुक यांच्या इंग्रजी अनुवादाची नोंद रोझे यांनी प्रस्तावनेत घेतली. मात्र अमूर्त कल्पनांच्या बाबतीत त्यातली मांडणी त्यांना विस्कळीत वाटली.

रोझे यांनी शब्दांचे अर्थ दिले नाहीत. वाचकाला ते ठाऊक आहेत, फक्त ऐन वेळी आठवत नाहीत, असे त्यांनी गृहीत धरले होते. इंग्रजी शिकणारे अडखळतात ते इथेच. ‘थिन’, ‘स्लिम’ आणि ‘स्किनी’ हे तिन्ही शब्द बारीक व्यक्तीसाठी येतात. पण ‘स्लिम’मध्ये कौतुक आहे, ‘स्किनी’त बहुधा हिणवणे आणि ‘थिन’ त्या मानाने तटस्थ. आजारपणाने खंगलेल्या माणसाला ‘स्लिम’ म्हटले तर अर्थाचा अनर्थ होतो. म्हणून यादीतला शब्द उचलण्याआधी तो वाक्यात कसा येतो, हे शब्दकोशात पाहावे आणि त्याचा विरुद्धार्थी शब्दही सोबत टिपून ठेवावा. जो शब्द आधी कुठे वाचलेला नाही, तो केवळ यादीत दिसला म्हणून वापरू नये.

रोझे अखेरपर्यंत कोशात भर घालत राहिले. १२ सप्टेंबर १८६९ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे मुलगा जॉन आणि नंतर नातू सॅम्युएल यांनी हे काम चालू ठेवले.