रमाईंचा हिशेब

माणगाव परिषद आपण कोल्हापूरकर अभिमानाने सांगतो. पण मार्च १९२० मध्ये बाबासाहेब माणगावात बोलत होते, तेव्हा परळच्या चाळीतलं घर रमाई चालवत होत्या.

बाबासाहेबांना सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपये पगार होता. त्या काळी ही रक्कम मोठी. तरी घरात ओढाताण, कारण लंडनचं अर्धवट शिक्षण पुरं करायला ते पैसा बाजूला टाकत आणि घरखर्चाला ठरावीकच देत. त्यात पुस्तकांचा नाद! न्यूयॉर्कला शिकताना पोटाला चिमटा काढून त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं घेतली होती. त्या काळात इकडे रमाई पै-पै मोजत होत्या. १९१७ मध्ये त्यांच्या सामानाचं जहाज बुडालं, पण नाद काही सुटला नाही.

आपण याला त्याग म्हणतो आणि मोकळे होतो. मला त्यात रोजचा हिशेब दिसतो. आजही कार्यकर्त्याचा खिसा चळवळीत रिकामा झाला की किराणा दुकानातली उधारी बायकोलाच निस्तरावी लागते.

जुलै १९२० मध्ये शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेऊन बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. घर परत रमाईंवर. त्यांची चार मुलं लहानपणीच गेली.

पुढे पुस्तकांसाठी दादरला राजगृह उभं राहिलं. तिथेच २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांना अर्पण केला, हालअपेष्टांत दिलेली साथ नोंदवून. तोवर १९४० उजाडलं होतं.