नारायण मेघाजी लोखंडे

सुमारे दीडशे वर्षांपूर्वीची मुंबई. परळ, लालबाग, भायखळा या भागांत कापडाच्या गिरण्यांची उंच धुराडी एकामागून एक उभी राहत होती. १८५६ साली शहरातील पहिली सूतगिरणी चालू झाली आणि पुढील पंचवीस-तीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. कोकणातून व घाटावरून हजारो माणसे पोटासाठी मुंबईस येत आणि या गिरण्यांत राबू लागत. तेथे कामाची वेळ घड्याळावर नव्हे, तर सूर्यावर ठरे. उजाडताच यंत्रे सुरू होत, ती अंधार पडेपर्यंत थांबत नसत. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. कामगाराच्या घरी घड्याळ कोठून असणार? उशीर झाला तर दंड होईल या धास्तीने कित्येकजण रात्र सरण्यापूर्वीच येऊन गिरणीच्या दाराशी पडून राहत. त्यांत लहान मुलेही असत. रविवारी यंत्रे थांबली, तरी ती पुसून साफ करण्यासाठी कामगारांस यावेच लागे.

ही स्थिती ज्यांनी जवळून पाहिली आणि पाहून जे स्वस्थ बसले नाहीत, ते नारायण मेघाजी लोखंडे होत. त्यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब कुटुंबात झाला. इंग्रजी शिक्षण घेऊन त्यांनी प्रथम रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केली आणि मग मुंबईतील एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. त्यांची जागा साच्यावर उभे राहण्याची नव्हती, हिशेबाच्या वहीशी बसण्याची होती. पोट भरण्यापुरते त्यांस मिळत होते. पण कापसाच्या तुसांनी भरलेल्या हवेत दिवसभर उभी राहणारी माणसे त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला होता. लोखंडे त्या समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते बनले. समाजाच्या विचारांचे ‘दीनबंधु’ हे पत्र पुण्यात बंद पडले, तेव्हा १८८० साली त्यांनी ते मुंबईत पुन्हा चालू केले. शेतकरी आणि कामगार यांची दुःखे आता छापून येऊ लागली.

१८८१ साली सरकारने कारखान्यांचा पहिला कायदा केला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, एवढेच त्याने ठरविले. मोठ्या माणसांविषयी, स्त्रियांविषयी त्यात काहीच नव्हते. १८८४ साली या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. ती संधी लोखंडे यांनी ओळखली. त्याच वर्षी त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संस्था काढली, सप्टेंबर महिन्यात परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या पाहिल्या म्हणजे कामगारांस तोवर काय मिळत नव्हते ते कळून येते. दर रविवारी पूर्ण सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. काम करताना जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावे. यांत अवाजवी असे काय होते?

तरीही हा मार्ग सोपा नव्हता. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा जाचत होती. हिंदुस्थानात कारखान्यांचे कडक कायदे व्हावेत, असा त्यांचाही आग्रह होता. अर्थात तो दयेपोटी नव्हे. त्यामुळे असले कायदे म्हणजे देशी धंदा बुडविण्याचा डाव, असे येथील पुष्कळ सुशिक्षितांस व वृत्तपत्रांस वाटे. त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. परंतु त्या वादात साच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचा कोणी विचार करीना. लोखंडे यांनी तो केला, आणि आपल्याच लोकांचा रोष पत्करला.

वर्षांमागून वर्षे गेली. त्यांच्या संस्थेजवळ ना निधी होता, ना वर्गणीदार सभासद. अर्ज लिहिणे, सभा भरविणे, पत्रातून लिहिणे, हीच त्यांची साधने. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत भरलेल्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. बायकांनी चारचौघांत तोंड उघडू नये असे मानणाऱ्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या नव्या कमिशनच्या मुंबईतील कामात लोखंडे यांस सहभागी करून घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी व दुपारचा विसावा बंधनकारक झाला, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आले आणि नऊ वर्षांखालील मुलांस कारखान्यात बंदी झाली. पुरुषांच्या तासांना मात्र या कायद्याने मर्यादा घातली नाही. कापडगिरण्यांत ती येण्यास १९११ साल उजाडावे लागले, आणि तीही बारा तासांची!

लोखंडे यांची दृष्टी गिरणीच्या कुंपणापुरती नव्हती. विधवांचे केशवपन करू नये म्हणून त्यांनी नाभिक बांधवांना एकत्र आणले. १८९३ साली मुंबईत हिंदू व मुसलमान यांच्यात दंगा उसळला, तेव्हा दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून ते झटले. सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेगची साथ आली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. गिरण्या ओस पडू लागल्या. ज्यांस जाण्यास दुसरे ठिकाण नव्हते अशा गरिबांसाठी लोखंडे मुंबईतच राहिले आणि रोग्यांच्या शुश्रूषेची व्यवस्था लावू लागले. त्या कामातच प्लेगने त्यांस गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे महिन्याभरातच, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना, सावित्रीबाई फुलेही त्याच रोगाने गेल्या.