आकाशाशी हिशेब जुळविणारे केरूनाना

मृग नक्षत्र जवळ आले, की बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर परिसरात नजरा आभाळाकडे वळतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पट्ट्यात पाऊस मोजकाच. पेरणीची वेळ साधली नाही, तर हंगामच हातचा जातो. शेतकरी ज्या पंचांगावरून नक्षत्रांचा हिशेब मांडतो, ते पंचांग तरी आकाशाशी जुळते का, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी गणितज्ञाने उपस्थित केला. ते होते केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे.

अलिबागजवळील नागाव येथे १८२४ च्या सुमारास जन्मलेले केरूनाना शिक्षणासाठी मुंबईस चुलत्यांकडे आले. प्रा. ऑर्लिबार यांनी त्यांची गणितातील गती हेरली आणि १८४० मध्ये त्यांना कुलाबा वेधशाळेत घेतले. तेव्हा त्यांचे वय अवघे सोळाच्या आसपास होते. ठरलेल्या वेळी उपकरणे पाहायची, हवामान व भूचुंबकत्वाचे आकडे टिपायचे, हे काम त्यांनी सुमारे दहा वर्षे केले. रुक्ष वाटणाऱ्या या नोकरीने त्यांना एक शिस्त दिली : गणित आणि निरीक्षण यांत तफावत पडली, तर गणित तपासायचे.

१८५१ मध्ये ते पुण्यास आले. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी गणित शिकविले; लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी. १८६० मध्ये त्यांचा 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारे आबासाहेब पटवर्धन यांच्या पाठिंब्याने १८६५ पासून नवे पंचांग निघू लागले. तेच पटवर्धनी पंचांग.

मात्र समाजाने ते सहजी स्वीकारले नाही. नव्या गणनेत नक्षत्रे व संक्रांती सुमारे चार दिवस आधी येत. अधिक मासातही फरक पडे. सणवार आणि व्रतवैकल्येच बदलतात म्हटल्यावर बहुसंख्यांनी जुन्या पंचांगाची साथ सोडली नाही. १९ मार्च १८८४ रोजी केरूनाना निवर्तले, तेव्हाही त्यांचे अनुयायी थोडेच होते. पुढे टिळकांनी हा विचार उचलून धरला. आजही टिळक पंचांगानुसार मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, ती यामुळेच.

कुलाब्याचे भूचुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलले. केरूनानांचे नागाव तेथून हाकेच्या अंतरावर. १९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले आणि १९६२ मध्ये येथेच उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था उभी राहिली. या क्षेत्रात कारकीर्द करू पाहणाऱ्या तरुणांच्या हाती आता उपग्रह आणि महासंगणक आहेत. तरीही अंदाजाची कसोटी अखेर प्रत्यक्ष नोंदीवरच लागते. केरूनानांनी ती कसोटी मान्य केली आणि तिच्यापायी आयुष्यभर लोकांची नाराजीही पत्करली.