अर्थपंडित कै. चिंतामणराव देशमुख



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा अध्यक्षबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. माझे अर्थशास्त्र म्हणजे वाण्याची यादी आणि दुधाचा हिशेब. तरीही एका थोर अर्थपंडिताचे चरित्र सांगण्याचे धाडस करीत आहे. त्याचे कारण शेवटी सांगेन.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील वकील होते. १९१२ साली चिंतामणराव मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे विलायतेत केंब्रिजला गेले. तेथे शिकले ते वनस्पतिशास्त्रासारखे विषय! १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेतही पहिला नंबर आला. मग मध्यप्रांत-वऱ्हाडात सरकारी नोकरी केली आणि कारभार करता करताच पैशाचे शास्त्र आत्मसात केले.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि १९४३ साली तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात नोटा छापतात हे आपण सर्वजणी जाणतोच. त्या काळी रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर या मराठी माणसाची सही असे. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटनवुड्स येथे जागतिक बँकेचा पाया घातला गेला, त्या परिषदेतही ते हिंदुस्थानातर्फे गेले होते.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली ते नियोजन मंडळाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी पंडित नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले. १९५२ साली कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या रायगडातून, ते काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच कारकिर्दीतली. १९५५ साली स्टेट बँक झाली. १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला. साताऱ्याहून, खानदेशातून सातपूरला येऊन कारखान्यात राबणाऱ्या कितीतरी घरांतून त्या विम्याचा कागद कपाटात जपून ठेवलेला असतो, त्याचे मूळ येथे आहे.

१९५३ साली त्यांचा दुर्गाबाईंशी विवाह झाला. त्याच वर्षी दुर्गाबाई केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. खेड्यापाड्यांतील बालवाड्यांना व महिलांच्या संस्थांना त्या मंडळाने मदतीचा हात दिला. आपल्यासारख्या मंडळांनी या जोडप्याचे ऋण विसरू नये.

आता खरी कसोटी आली. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायची असे १९५६ साली ठरले. गोळीबारात माणसे मेली. त्याची न्यायालयीन चौकशी व्हावी असे चिंतामणरावांना वाटत होते, ती झाली नाही. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता झाला, हेही त्यांना पटले नाही. सत्ता हातात होती, पंतप्रधानांचा विश्वास होता. तरी त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. चार वर्षांनी, १ मे १९६० रोजी, मुंबईसह महाराष्ट्र झाला.

पद गेले म्हणून ते घरी बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मेघदूताचे मराठी भाषांतरही त्यांनी केले.

१९६९ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी चिंतामणरावांना उभे केले. वय त्र्याहत्तर. खरी लढत श्री. गिरी आणि श्री. संजीव रेड्डी यांच्यात होती. गिरी निवडून आले, आपले चिंतामणराव तिसरे आले. जन्मभर पहिला नंबर मिळवणारा माणूस तिसरा आला! पण त्यामुळे त्यांचा मान उणावला नाही. १९७५ साली पतिपत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

आता कारण सांगते. गेल्या वर्षी मंडळाच्या खजिनदारपदासाठी मी उभी राहिले आणि पडले. लाजेने दोन महिने मंडळात आले नाही. भाजी आणायलासुद्धा लांबच्या वाटेने जात असे. त्या दिवसांत मुलीने वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात हे चरित्र वाचले आणि माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाची सुपारी निवडायला मी मंडळात हजर झाले. कोणी काही विचारले नाही, पुढ्यात सूप तेवढे सरकवले.

यंदाही निवडणूक आहे. मी पुन्हा उभी राहणार आहे. पडले तरी सुपारी निवडायला येईनच.