दम्याला क्रमांक देणाऱ्या यादीचे जनक

केसपेपरवर नुसते ‘धाप लागते’ असे लिहिले, तर संकेतांक पडतो आर ०६. ‘दमा’ लिहिले तर जे ४५, आणि झटका औषधांनाही दाद देत नसेल तर जे ४६. भोर किंवा वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरून भर पावसात आणलेला रुग्ण एकच असतो. पण आकडेवारीत तो दम्याचा धरला जाणार की नाही, हे त्या एका शब्दावर ठरते. ‘धाप’ हे लक्षण आहे, आजार नव्हे. हा भेद नोंदवहीत आणण्यासाठी विल्यम फार यांनी आयुष्य घालवले.

१८०७ साली इंग्लंडमधल्या केनली या खेड्यात, गरीब घरात त्यांचा जन्म झाला. एका सधन गृहस्थाने त्यांना आधार दिला आणि त्याने मागे ठेवलेल्या पैशावर ते पॅरिसला वैद्यक शिकले. लंडनमध्ये दवाखाना थाटला, पण ओढा आकड्यांकडेच. १८३७ मध्ये त्यांची पत्नी क्षयाने गेली. त्याच वर्षी तिकडे जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. लवकरच फार त्या कचेरीत लागले आणि सुमारे चाळीस वर्षे तिथेच राहिले.

समोर मृत्यूच्या कारणांचा नुसता गोंधळ होता. एका आजाराला तीन-चार नावे, एकच नाव अनेक आजारांना, आणि मूळ रोग सोडून शेवटची गुंतागुंत तेवढी लिहिलेली. (ही शेवटची सवय अजून गेलेली नाही.) १८५५ मध्ये पॅरिसच्या सांख्यिकी परिषदेत त्यांनी पाच गटांची यादी मांडली. त्यात एका गटातले आजार अवयवांनुसार लावलेले होते. आजही दमा श्वसनसंस्थेच्या प्रकरणात सापडतो, तो याच विचारामुळे.

फार चुकलेही. कॉलरा दूषित हवेने पसरतो, असे ते बरीच वर्षे मानत. १८६६ च्या लंडनमधल्या साथीत मृत्यूंचे आकडे पाणीपुरवठ्याशी ताडून पाहिले, तेव्हा त्यांनी पाण्याचा दोष मान्य केला. स्वतःच्या सिद्धांताविरुद्ध स्वतःच आकडे मांडायला धैर्य लागते. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगावरही ते होते.

खात्याचे प्रमुखपद मात्र त्यांना मिळाले नाही. ते डावलले गेले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. १८८३ मध्ये त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी शिकागोत झाक बर्तियाँ यांची आंतरराष्ट्रीय यादी स्वीकारली गेली. तिच्यात अवयवांनुसार मांडणीचे फार यांचे तत्त्व कायम होते.