वॉटर स्ट्रीटवरील उघडे दार

दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या मंडळ्यांना अपरिचित नाहीत. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून देशभर एक पाहणी करवून घेतली व ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. लोकसंख्येच्या मानाने मद्यपान करणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले ते छत्तीसगढ राज्यात. तेथे १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी ३५.६ टक्के लोक मद्य घेत असल्याचे दिसून आले. त्याच पाहणीने आणखी एक गोष्ट उघड केली. देशात जे दारूच्या पूर्ण अधीन झाले आहेत, अशा सुमारे ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळतो.

रायपूर ही त्या राज्याची राजधानी. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे तेथे नांदत आली आहेत आणि ख्रिस्ती मंडळ्यांचे कार्यही त्या प्रदेशात दीडशे वर्षांहून जुने आहे. अशा शहरात पोटासाठी आलेला, घरादारापासून तुटलेला आणि दिवसाची कमाई संध्याकाळी गुत्त्यात घालविणारा मनुष्य आपल्या दाराशी आला, तर ख्रिस्ती लोकांनी त्याच्यासाठी काय करावे? वर्षातून एकदा नव्हे, तर रोज काय करावे? या प्रश्नाचे उत्तर ज्याने आपल्या आयुष्याने दिले, तो विद्वान नव्हता की दीक्षित पाळक नव्हता. तो चोर होता, दारुडा होता आणि तारण पावल्यावरही अनेकदा पडलेला होता. त्याचे नाव जेरी मॅकॉली.

जेरीचा जन्म १८३९ साली आयर्लंडमधील केरी परगण्यात झाला. बाप खोटी नाणी पाडण्याचा धंदा करी. पोलिसांच्या भयाने तो परागंदा झाला व मुलाला बापाचा सहवास लाभला नाही. आजीने त्याला वाढविले. ती भाविक कॅथॉलिक बाई गुडघे टेकून प्रार्थना करीत असे, तेव्हा हा नातू तिच्या डोक्यावर काहीबाही फेकून मारी. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. तेराव्या वर्षी त्याला न्यूयॉर्कमध्ये बहिणीकडे धाडण्यात आले. तेथेही तो फार काळ टिकला नाही. ईस्ट नदीच्या काठी वॉटर स्ट्रीट नावाची वस्ती होती. खलाशांचे अड्डे, गुत्ते, नाचघरे व वेश्यागृहे यांनी ती गजबजलेली असे. जेरी तेथला झाला. दिवसा पिणे व मारामाऱ्या करणे आणि रात्री होडीतून जाऊन नांगरलेल्या जहाजांवरील माल लांबविणे, हा त्याचा नित्यक्रम बनला.

विशीच्या आतच त्याच्यावर वाटमारीचा आरोप येऊन १५ वर्षे ६ महिन्यांची शिक्षा झाली. इतर अनेक गुन्हे आपण केले, परंतु हा एक केला नव्हता, असे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. हडसन नदीकाठच्या सिंग सिंग तुरुंगात त्याची रवानगी झाली. तेथे तो गालिचे विणण्यास शिकला आणि लिहिण्यावाचण्यासही शिकला. एका रविवारी तुरुंगातील उपासनेत ऑर्व्हिल गार्डनर नावाचा एक जुना मुष्टियोद्धा साक्ष द्यावयास आला. जेरी त्याला ओळखत होता. दोघे पूर्वी एकाच वाटेचे प्रवासी होते. हा मनुष्य बदलू शकतो, तर आपण का नाही, या विचाराने जेरीची झोप उडाली. कोठडीच्या झरोक्यात धूळ खात पडलेले पवित्र शास्त्र त्याने खाली काढले व गार्डनरने सांगितलेले वचन शोधता शोधता तो ते सारेच वाचू लागला. पुढे एका रात्री तो कोठडीच्या दगडी जमिनीवर गुडघे टेकून राहिला आणि पापक्षमेची खात्री अंतःकरणात येईपर्यंत उठला नाही. १८६४ साली, सात वर्षे शिक्षा भोगल्यावर, राज्यपालांनी माफी देऊन त्याची सुटका केली.

येथेच चरित्र संपले असते, तर ते एक साधे, गोड असे उदाहरण ठरले असते. परंतु खरी कसोटी येथूनच सुरू झाली. तुरुंगाबाहेर त्याची वाट पाहणारा एकही ख्रिस्ती मित्र नव्हता. कोणत्याही मंडळीचे दार त्याला ठाऊक नव्हते. जो ओळखीचा भेटला, त्याने त्याला राहण्यासाठी नेले ते एका गुत्त्याच्या घरात. जेरी बंदिवासात असताना लागर नावाची नवी बिअर शहरात आली होती. ती निरुपद्रवी आहे, असे त्याला सांगण्यात आले. तो प्याला आणि जुनी तहान पुन्हा जागी झाली. अमेरिकेत त्या काळी यादवी युद्ध चालू होते. सैन्यभरतीच्या बक्षिसांत लबाडी करणे, चोरीचा माल घेणे, पुन्हा रात्रीची होडी, असा त्याचा अधःपात होत गेला. एका रात्री दारूच्या अंमलात तो नदीत पडला व बुडता बुडता वाचला. प्रभूनेच आपल्याला वर उचलले, ही जाणीव त्याला झाली. तरीही तिच्यापासून पळण्यासाठी तो अधिकच पिऊ लागला.

अशा वेळी हेन्री लिटल नावाचा एक नगर-मिशनरी त्या वस्तीतील घरोघर फिरत असता त्याला भेटला. त्याच्या आग्रहावरून जेरीने दारू सोडण्याच्या शपथपत्रावर सही केली. पण खिशात दमडी नव्हती आणि चोरीशिवाय दुसरा धंदा येत नव्हता. चोरी करावयास जाण्यापूर्वी आपण अंगातील कोट गहाण टाकून तुला पैसे देऊ, असे लिटलने त्याला सांगितले. तो कोट अगदी झिजलेला होता. त्या झिजलेल्या कोटाने जेरीला जे पटविले, ते अनेक प्रवचनांनी पटविले नसते. एवढे होऊनही तो त्यानंतर पुन्हा पडला, पुन्हा उठला. अखेर तंबाखूही सोडली, तेव्हा त्याला आपल्या पायाखाली भूमी लागल्याचे जाणवले. मारिया नावाची स्त्री, जी त्याच्याच प्रमाणे दारूच्या अधीन होती, तीही प्रभूकडे वळली व ती दोघे विवाहबद्ध झाली.

वाचकहो, जेरीच्या या पडण्याउठण्याकडे आपण लाजेने पाहू नये. त्याचे सारे पुढील कार्य त्यातूनच जन्माला आले. सिंग सिंगमधून बाहेर पडला त्या दिवशी आपल्याला जे मिळाले नाही, ते आता दुसऱ्यांसाठी उभे करावयाचे, असे त्याने ठरविले. जेथे मळलेल्या माणसाला बाहेरून स्नान व वस्त्र मिळेल आणि आतून प्रभू त्याला शुद्ध करील, असे घर त्याला एकदा दिवसाउजेडी जणू डोळ्यांसमोर दिसले होते. ए. एस. हॅच या सराफी पेढीच्या मालकाने वॉटर स्ट्रीटवरील ३१६ क्रमांकाचे आपले घर त्याला वापरण्यास दिले. पूर्वी तेथे नाचघर होते. १८७२ सालच्या ऑक्टोबरात तेथे काम सुरू झाले. व्यसनात बुडालेल्यांसाठी अमेरिकेत उघडलेले अशा प्रकारचे हे पहिलेच मिशन, असे मानले जाते.

प्रारंभी सभा केवळ रविवारी भरत. त्या वर्षीच्या उपकारस्तुतीच्या सणाला मित्रांनी पाठविलेले अन्न उरले, म्हणून दुसऱ्या दिवशीही भुकेल्यांना बोलाविले गेले व जेवणानंतर सभा झाली. तेव्हापासून दार रोज रात्री उघडे राहू लागले. हा छोटा बदल महत्त्वाचा होता. गुत्ता रोज रात्री उघडा असतो. मग प्रभूचे घर आठवड्यातून एकदाच उघडे ठेवून कसे चालेल?

तेथील दिनक्रम अगदी साधा होता. दिवसा जेरी व मारिया येणाऱ्याला खाऊ घालीत, निजावयास जागा देत, कपडा देत, कुठे काम मिळेल ते पाहात. संध्याकाळी बाकांवर खलाशी, चोर, भिकारी, तर्र झालेले दारुडे आणि रस्त्यावरच्या स्त्रिया येऊन बसत. गीते होत, पवित्र शास्त्राचा एक भाग वाचला जाई व जेरी चार शब्द बोले. त्यानंतर साक्षी होत. प्रत्येकाला एकच मिनिट मिळे आणि हा नियम कोणासाठीही मोडला जात नसे. लांबलचक भाषण करणाऱ्या प्रतिष्ठित पाहुण्यालाही जेरी थांबवी. काल दारू सोडलेल्या मनुष्याचे अडखळते दोन शब्द त्याला अधिक मोलाचे वाटत. शेवटी ज्यांना इच्छा असे, ते पुढे येऊन गुडघे टेकीत. जेरी त्यांच्या वतीने प्रार्थना करूनच थांबत नसे. ज्याने त्याने आपल्या तोंडाने आपल्यासाठी प्रार्थना करावी, असा त्याचा आग्रह असे.

शेजारच्या गुत्तेवाल्यांना हे रुचले नाही. दगडधोंडे आले, सभेत दंगे झाले आणि आरंभी पोलिसांचीही दृष्टी वाकडीच होती. जेरी डगमगला नाही. आणखी एक गोष्ट त्याने कधी सोडली नाही. जो काल पश्चात्तापाचे अश्रू ढाळून गेला आणि आज पुन्हा झिंगून आला, त्याला त्याने दारातून परतविले नाही. पेत्राने प्रभूला विचारले होते की आपल्या भावाला किती वेळा क्षमा करावी. जेरीने तो हिशेब ठेवण्याचे नाकारले. आपण स्वतः किती वेळा पडलो, याचे स्मरण त्याला होते.

१८७६ साली जुन्या घराच्या जागी विटांची नवी तीन मजली इमारत झाली. १८८२ साली ते काम दुसऱ्यांच्या हाती सोपवून जेरी व मारिया यांनी शहराच्या दुसऱ्या बदनाम भागात, पश्चिमेकडील ३२ व्या रस्त्यावर, क्रेमॉर्न मिशन उघडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॅम्युएल हॅडली नावाचा दारूने सर्वस्व गमावलेला मनुष्य त्या सभेत आला. गुडघे टेकून उठला, तो मुक्त होऊन. जेरीची प्रकृती तोवर ढासळली होती. क्षयाने पोखरलेल्या शरीराने तो शेवटपर्यंत सभा चालवीत राहिला आणि १८ सप्टेंबर १८८४ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, प्रभूच्या विसाव्यात गेला. ब्रॉडवे टॅबर्नॅकल या मोठ्या मंदिरात त्याचा अंत्यविधी झाला. धनवान व फाटक्या वस्त्रांतले लोक तेथे एकत्र जमले होते.

काम थांबले नाही. १८८६ साली हॅडलीने वॉटर स्ट्रीटची जबाबदारी घेतली व १९०६ साली मृत्यू येईपर्यंत ती सांभाळली. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी धर्मानुभवावरील आपल्या १९०२ सालच्या प्रसिद्ध ग्रंथात हॅडलीच्या पालटाची नोंद घेतली. पुढे १९३४ साली न्यूयॉर्कमधीलच कॅल्व्हरी मिशनच्या दारात बिल विल्सन नावाचा एक मद्यपी आला आणि त्याने तो ग्रंथही वाचला. त्याच्या पुढाकाराने १९३५ साली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ सुरू झाली. तिचे गट आज भारतातील अनेक शहरांत भरतात. मुंबईत वांद्रे येथे १९८१ साली सुरू झालेल्या कृपा फाउंडेशननेही त्याच मार्गाचा आधार घेतला. पडलेल्याने पडलेल्याला हात द्यावा आणि रोज भेटावे, हा वॉटर स्ट्रीटचा धडा असा दूरवर पोहोचला.

रायपूरच्या भूमीलाही हा धडा सर्वस्वी परका नाही. छत्तीसगढमधील गुरू घासीदास यांनी आपल्या सतनामी अनुयायांना दारू व तंबाखू यांपासून दूर राहण्यास शिकविले. १८६८ साली रेव्ह. ऑस्कर लोहर रायपूरच्या परिसरात आले व त्यांनी विश्रामपूर येथे कार्य आरंभिले, ते याच सतनामी समाजात. म्हणजे तेथील अनेक ख्रिस्ती घराण्यांच्या पूर्वजांनी सुवार्ता ऐकण्याच्या आधीच, एकमेकांच्या आधाराने व्यसनापासून दूर कसे राहावे, हे अनुभवले होते. एकट्याचा निश्चय टिकत नाही. त्याला सोबत लागते.

आज आपल्याला जेरीपेक्षा काही गोष्टी अधिक ठाऊक आहेत. फार दिवस पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर झटके व भ्रम होऊन जिवावर बेतू शकते, म्हणून प्रार्थनेच्या जोडीला वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा. रायपूरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनीही आहे. परंतु रुग्णालयातून बाहेर पडलेल्या मनुष्याची वाट कोण पाहतो, हा प्रश्न जेरीच्या सुटकेच्या दिवशी होता तसाच आजही आहे. त्याचे उत्तर डॉक्टर देऊ शकत नाहीत. ते मंडळीनेच द्यावयाचे आहे.

त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. एक खोली, एक कंदील, चहाचा पेला, आणि पूर्वी पडलेला व आता उभा राहिलेला एखादा भाऊ एवढे पुरेसे आहे. मात्र ती खोली गुत्ता ज्या वेळी उघडतो त्याच वेळी, रोज, उघडली पाहिजे. आणि काल आलेला मनुष्य आज पुन्हा पिऊन आला, तर त्याच्यासाठीही ती उघडी राहिली पाहिजे. उधळ्या पुत्राच्या बापाने वाटेकडे पाहणे सोडले नव्हते. आपल्या मंडळीचे दारही कोणी पडलेला भाऊ परतताना बंद आढळू नये, एवढी कृपा प्रभू आपणा सर्वांना देवो.